वीणा माझ्या हातात थांबली

आमच्या गावच्या सप्ताहात एका वर्षी वीणा थांबली आणि ती दादांमुळे थांबली, असं आजही पार पिंपळगावच्या बाजारापर्यंत सांगितलं जातं. दादा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. ते सांगणं खोटं आहे. ते मीच पसरवलं.

सप्ताहाचे सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, तार वाजती ठेवायची. पहारा संपला की एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि देताना-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. समोरचा वयाने लहान असो, कोणीही असो.

त्या दुपारी दादांचा पहारा संपला तरी पुढचा माणूस आला नाही. द्राक्षांची काढणी चालू होती, तो टेम्पो घेऊन शीतगृहावर अडकला होता. मंडपात दोन-तीन म्हाताऱ्या डुलक्या घेत होत्या. दादांचे पाय लटपटू लागले. बाहेर माझ्याच बागेत काढणीला आलेला, पेठकडचा एक आदिवासी मजूर जेवून बसला होता. आपल्या पाड्यावर तो भजन म्हणतो, हे दादांना ठाऊक होतं. त्यांनी त्याला आत बोलावलं, वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला.

हे कोणीतरी पाहिलं. मी समितीचा अध्यक्ष, म्हणून मला फोन आला. पोचलो तेव्हा मंडपाच्या दाराशी आठ-दहा जण जमले होते.

“आज वीणा दिली, उद्या पहिल्या पंगतीला बसवा त्यांना,” एक जण म्हणाला.

“अध्यक्ष बसवतील की. काल माइकवर म्हणालेच ना, देवापुढं सगळे सारखे,” दुसरा म्हणाला. सगळे हसले.

त्या हसण्याला मी भ्यालो. दादांचं काही चुकलेलं नाही, हे मला कळत होतं. तरी मी सरळ आत गेलो आणि त्या माणसाच्या गळ्यातली वीणा ओढली. पट्टा काढतानाही तो एका बोटाने तार छेडत राहायला बघत होता. मी तेवढंही थांबलो नाही. वीणा हिसक्याने माझ्या हातात आली आणि तार गप्प झाली.

“निदान त्याच्या पाया तरी पड,” दादा म्हणाले.

मी पडलो नाही. तो माणूस चपला हातात घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी कामावर आला, मान खाली घालून घड उतरवत राहिला. मी त्याची ओळ टाळून पलीकडच्या ओळीत गेलो.

त्याआधी रात्री, कीर्तन सुरू होण्यापूर्वी, मी माइकवर सांगितलं होतं, दादांचं आता वय झालं, त्यांच्या हातून वीणा थांबली, माउलींनी पदरात घ्यावं. लोकांनी माना डोलावल्या. त्यानंतर दादांना कोणी पहारा दिला नाही. उभा जन्म वीणा धरलेला माणूस आता सप्ताहात ओट्यावर बसून लाउडस्पीकर ऐकतो. माझ्याविरुद्ध ते कुठे एक शब्द बोलले नाहीत.

परवा मी त्यांना म्हणालो, खरं काय झालं ते लिहून काढतोय.

“लिही. पण मला शूरबीर करू नको. पाय लय दुखत व्हते, म्हणून दिली.”

“आणि त्याच्या पाया पडलात ते?”

“विणेकऱ्याच्या पाया पडतातच ना रे. त्यात काय इचार करायचा?”

मग थोड्या वेळाने म्हणाले, “पण खोटं तू माइकवर सांगितलं व्हतं. कागद कोण वाचतंय?”

यंदाच्या सप्ताहात बोलायला मी समितीकडे पाच मिनिटं मागितली आहेत. विषय काय, असं आता समिती चालवणाऱ्या पोरांनी विचारलं. मी म्हणालो, जुन्या आठवणी.