दिवस बुडाल्यावरचा घास

"दिवस बुडाला की माझं तोंड बंद, मग वाढायला साक्षात अन्नपूर्णा का येईना," असं झुलाल एकदा म्हणाला होता, आणि रावेरकडच्या त्या गावातली माणसं पोट धरून हसली होती.

झुलाल सरकारी फिल्मच्या गाडीवर ऑपरेटर होता. साल अडुसष्ट-एकोणसत्तरचं. गावोगाव पडदा बांधायचा, जनरेटर दोरी ओढून जागा करायचा आणि दहा-बारा मिनिटांच्या छोट्या फिल्मा दाखवायच्या. शाळेला निघालेली पोरं, सासरी रुळणाऱ्या मुली, भांडून पुन्हा एक झालेले भाऊ. खेळ संपला की गावचे म्होरके त्याला ताटावर ओढत.

"झुलालभाऊ, दोन घास खाई ल्या ना. भरीत शे, कयन्यानी भाकर शे."

"नको आबा. चौविहार आहे."

"हाऊ तं पक्का मारवाडी व्हई गया! बठ्ठा गाव जेवस, नि हाऊ उपाशी!"

चौविहार म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणीही नाही. जैनांचा नेम. झुलाल तर शेतमजुराच्या पोटचा. त्याची आई सुंदरबाई बोदवडला नेमीचंद शेठकडे धान्य निवडायला जायची. ती पटकीत गेली. बाप त्याआधीच कुठेतरी निघून गेला होता. शेठच्या बायकोनं, सायरबाईंनी, पोराला ठेवून घेतलं. "एक ताट जास्त, त्यात काय," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे पर्युषणात शेठचा मुलगा जवरीलाल नेम घ्यायला बसला, तेव्हा झुलालही शेजारी हात जोडून बसला. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. सायरबाई हसल्या आणि त्याच्याकडूनही नेम वदवून घेतला. तेव्हापासून रोज उन्हं कलली की ओसरीवरून त्यांची हाक येई: "जवरी, झुलाल, दिवस चालला रे!" दोन्ही नावं एका दमात. घर म्हणजे झुलालला ती हाक वाटे. तोही त्यांना जवरीसारखंच 'बाई' म्हणे, शेठना 'बाबूजी'.

जवरीलाल शिकायला जळगावला गेला. तिथे रात्री स्टेशनसमोरच्या हॉटेलात भजी खाताना झुलालनं त्याला पाहिलं होतं. घरी झुलालनं ते सांगितलं नाही.

मग मुंबईहून चारपाच माणसं आली. त्यांना याच मुलखात एक छोटी फिल्म काढायची होती: आई नसलेला पोरगा दुसऱ्यांच्या घरी वाढतो आणि त्यांचाच होतो. कुणाचं घर मिळेल, असं त्यांनी विचारलं.

"आमच्या घरी या की," झुलाल म्हणाला. त्याच्या तोंडून 'आमचं घर' पहिल्यांदाच परक्या माणसांसमोर निघालं होतं.

शेठनी होकार दिला. मोठा झालेला पोरगा शेवटच्या एका प्रसंगापुरताच होता, तो जवरीलाल करणार होता. चेहरा देखणा, शिवाय शिकलेला. झुलालला त्याचं काही वाटलं नाही. फिल्ममध्ये दिसणं वेगळं, असणं वेगळं, असं त्याचं म्हणणं.

शेवटचा प्रसंग तेवढा उरला. सगळं घर जेवायला बसतं आणि तो पोरगा पहिला घास घेतो. ताटं मांडली आणि वीज गेली. आतल्या खोलीत आधीच अंधार. झुलालनं गाडीतला जनरेटर अंगणात आणला. तोही आज रुसला. झुलालनं दोरी ओढओढून हाताला फोड आणले. अखेर यंत्र धडधडू लागलं, दिवे लागले, तोवर बाहेर सूर्य बुडाला होता.

"चला, घास घ्या," दिग्दर्शक म्हणाला.

"आता कसा? माझा चौविहार," जवरीलाल बापाकडे बघत म्हणाला.

"एकच घास हो. रात्रीच्या गाडीनं आम्हाला निघायचंय."

नेमीचंद शेठनी झुलालकडे बोट दाखवलं. "झुलालला बसवा की. त्याला चालतं."

"तो नाही जेवत रात्रीचा," सायरबाई चुलीजवळून म्हणाल्या.

शेठ हसले. "आपल्या डोळ्यांसमोर नाही जेवत. खेड्यात रोज भरीत हाणत असेल, तिथे कोण बघायला बसलंय? नेम आपल्याला. त्याला कसला?"

झुलालनं सायरबाईंकडे पाहिलं. त्या काहीतरी म्हणतील, असं त्याला वाटलं. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग ताटांकडे, मग खोळंबलेल्या पाहुण्यांकडे. पदर सावरला आणि गरम फुलका आणून जवरीलालच्या रिकाम्या पाटासमोर वाढला.

"बस रे झुलाल," त्या म्हणाल्या. "एका घासानं काय होतंय."

तो बसला. उजेड नेमका त्याच्या तोंडावर पाडला गेला. कॅमेरा घरघरू लागला. त्यानं फुलक्याचा तुकडा तोडला, डाळीत बुडवला, ओठांपाशी नेला.

"सुंदर! अगदी घरचाच वाटतोय," दिग्दर्शक पुटपुटला.

हात तिथेच थांबला. डाळीचा थेंब मनगटावर ओघळला.

झुलालनं घास पुन्हा ताटात ठेवला. उठला. मोरीवर हात धुतले, धोतराला पुसले. अंगणातला जनरेटर चालूच होता. गाडीवर लागल्यापासून त्यानं तो चालू ठेवून कधी पाठ फिरवली नव्हती. आज त्याच्या शेजारून तो सरळ गेला, फाटकाची कडी काढली आणि बाहेर पडला.