पोळ्याला घासलेली काळी गाडी

माझा धंदा गाड्यांना पॉलिश करायचा. केज रोडला टपरीएवढं गॅरेज आहे. लोकांना वाटतं, पॉलिश म्हणजे वरून काहीतरी फासायचं. डोंबल! रंगावर एक पारदर्शक थर असतो. ओरखडे घालवायचे तर पाणी मारत मारत वॉटर पेपरनं तो थरच घासायचा, गाडी पांढुरकी, भुरी करून टाकायची आणि मग मशीननं चमक परत आणायची. हे आधी सांगितलं की गिऱ्हाईक गाडी घेऊन पळतं. म्हणून मी सांगत नाही, माझी स्वतःची गाडी दाखवतो. जुनीच, पण काळी कुळकुळीत. मिशीला कलप लावायला आरसा नको, अशी घासलेली.

ती घरी बैलाच्या गोठ्यात उभी असायची. गोठा रिकामाच होता. जोडीतला एक बैल म्हातारपणानं गेला. दुसऱ्याला एकट्याला काम उरलं नाही, नांगरट ट्रॅक्टरनं व्हायला लागली. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, स्वतः दावं धरून त्याला बाजारात नेलं आणि रिकाम्या हातानं परत आले. तेव्हापासून ते अर्धी भाकर ताटात ठेवून उठायचे. आई म्हणायची, "तोंडाला चव न्हाई त्यांच्या." चवीचा काही संबंध नाही, हे तिलाही कळत होतं.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एक पुढारी माझी गाडी बघायला येणार होते. त्यांच्या दारात काळ्या गाड्यांची रांग असते. काम पसंत पडलं तर ती सगळी रांग माझ्याकडं येणार होती, आणि मागोमाग त्यांच्या कार्यकर्त्यांची. माझं नशीब त्या बॉनेटवर होतं म्हणा ना.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि त्याला जेवायचं आवतण देतात. मी गोठ्यात डोकावलो तर आबा गाडीच्या पुढच्या मडगार्डला लोणी चोळत होते. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," म्हणाले. गाडीला. मला वाटलं, चेष्टा करतायत. इतक्या दिवसांनी माणूस चेष्टा करतोय, म्हणून मीही हसलो आणि आत गेलो. लोण्यानं पत्र्याला काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी एक अडलेलं काम उरकायला मोटरसायकलवर गॅरेजला गेलो आणि दुपारी परत आलो. गाडी नारळाच्या काथ्यानं घासून काढलेली होती, चाकांपासून टपापर्यंत. अंगावर गेरूचे ठसे. दोन्ही आरशांच्या पाठीला शिंगांचा लाल रंग आणि वर गोंडे. टपावर झूल. बॉनेटवर पुरणपोळी. शेजारी आबा, धुतलेलं धोतर नेसून.

"आबा, कशाला घासली ओ?" मी ओरडलो. "उद्या मानूस येनार हाय! वाटोळं झालं ना माझं!"

"पोळा हाय," आबा म्हणाले.

"गाडीचा पोळा असतो का कुठं? तिला काय जीव हाय?"

"गोठ्यात हाय ना ती. सनाच्या दिशी गोठा मोकळा कसा ठिवायचा?"

कपाळ माझं! सणाची पोळी फेकता येईना, म्हणून ती रागारागात मीच खाल्ली आणि गोंड्यांसकट गाडी गॅरेजवर नेली. रस्त्यात पोरं टाळ्या पिटत होती.

धुतल्यावर गेरू गेला, आणि उन्हात तिरपं बघितलं तर ओरखडेच ओरखडे. शिव्या देत पेपर भिजवला आणि बॉनेटपासून सुरुवात केली. घासता घासता ध्यानात आलं की ओरखडे आडवेतिडवे नव्हते. सगळे पुढून मागं, एका वळणाचे. बैलाच्या अंगावरची लव जशी पडते, तसे. आबांनी गाडी लवेच्या बाजूनं धुतली होती. फक्त डाव्या मडगार्डवर तळहाताएवढ्या जागी ओरखडे गोल गोल फिरलेले. आधी वाटलं, तिथं म्हातारा वैतागला असेल. मग आठवलं. विकलेल्या बैलाच्या डाव्या खांद्यावर भोवरा होता, तिथली लव गोल फिरायची. तिथं आबांचा हातही गोलच फिरायचा.

मी पेपर बादलीत टाकला आणि खाली बसलो. लई वाईट वाटलं. रडलो म्हटलं तरी चालेल, दुकानात कुणी नव्हतं.

बाकीची गाडी दिवस मावळेपर्यंत घासली, सकाळी मशीन फिरवलं. तेवढ्या जागेला हात लावला नाही. पुढारी आले, सगळीकडून फिरले आणि नेमकं तिथं बोट ठेवलं. "हितं राहिलं की बे."

"बैलाचा भोवरा हाय, साहेब."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, ड्रायव्हरकडं बघितलं आणि आपल्या गाडीत बसले. त्यांच्या गाड्या आता दुसरीकडं जातात. कामही बरं होतं म्हणे तिथं.

त्या संध्याकाळी मी गाडी गोठ्यात लावली. आबा आले, वाकून मडगार्ड बघितलं आणि त्या जागेवरून हात फिरवला, गोल. आत जाऊन ताटावर बसले, पुढ्यातली भाकर संपवली आणि आईला म्हणाले, "अजून अर्धी वाढ."