दांड्यावरचे दोरे

आमच्या जुन्या पिकअपचं स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकं ढिम्म हलायची नाहीत. मला त्याची सवय झाली होती. शेजारी बसलेला घाबरला की मी म्हणायचो, "गाडी माझी हाय, तिला माझा हात कळतो." फुशारकी मारायला काय जातं!

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी ती फारच खडखडायला लागली. दुसऱ्या दिवशी द्राक्षछाटणीसाठी पेठकडून बारा बायका आणायच्या होत्या, घाटातून. म्हणून निफाडहून थेट सातपूर गाठलं. तिथले म्हातारे मिस्त्री माझ्या वडिलांच्या काळापासून आमची गाडी बघतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

"चाचा, नुसतं ग्रीस मारा. लय घाई हाय."

चाचा पेडलजवळ डोकं घालून आडवे झाले आणि तसेच बाहेर आले. "दोरे तुम्ही सोडा. तुमच्या पूजेचे आहेत, मैं हात नहीं लगाऊंगा."

दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की वडील स्टिअरिंगच्या दांड्याला लाल दोरा बांधायचे. वर बांधला तर मीटर झाकतो, म्हणून खाली, पेडलजवळ. जुना मात्र सोडायचा नाही, अपशकुन होतो. ते गेल्यावर मी बांधू लागलो. इतक्या वर्षांचे दोरे, ग्रीस आणि धूळ मिळून तिथे मुठीएवढा गोळा झाला होता. मी चिडलो. ग्रीस मारायला दोरे कशाला सोडायचे? चाचांनी गाडीची किल्लीच खिशात टाकली. "नाही सोडले तर गाडी इथेच राहील."

धुसफुसत मी ब्लेडने तो गोळा कापला. आतून एक बोल्ट माझ्या पायावर पडला.

दांड्याचे दोन भाग जिथे जोडले जातात, तिथला तो बोल्ट. नट कधीचाच गळून गेला होता. बोल्ट नुसता दोऱ्यांत अडकून राहिला होता. चाचांनी दांडा जरासा ओढला, तर जोड सुटून हातात आला.

"दोऱ्यानंच वाचवलं, चाचा."

"और छुपाया किसने?"

नवा जोड मिळून बसेपर्यंत दुसरी दुपार झाली. रस्त्यावर खोळंबलेल्या बायकांतल्या थोरल्या मावशींनी मला तोंड भरून शिव्या घातल्या. घाटात मागे त्यांचं हसणं-खिदळणं चाललं होतं आणि स्टिअरिंग जरा फिरवलं की चाक वळत होतं. प्रत्येक वळणाला मला तो बोल्ट आठवे. बारा घरची माणसं माझ्या फुशारकीवर बसवून आणणार होतो मी. चाचांचे हे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत, हे मला त्या घाटात कळलं.

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन सातपूरला गेलो. चाचांनी सोनं घेतलं, मला मिठी मारली आणि लगेच गाडीत वाकून पेडलजवळ पाहिलं. दांडा स्वच्छ होता. त्या वर्षीचा लाल दोरा मी खिशातच ठेवला होता. तो त्यांच्यापुढे धरून म्हणालो, "जागा तुम्हीच सांगा. आन् बांधा पण तुम्हीच."

चाचांनी फडक्याला दोनदा हात पुसले आणि समोरच्या आरशाला, सगळ्यांना दिसेल असा, दोरा बांधला. गाठ मात्र बोल्ट आवळावा तशी आवळली.