दुसरा पंच

दोन हजार सतरा साली कोर्टाचा निकाल लागला तेव्हा मी पासष्ट वर्षांचा होतो. शिक्षण चौथी. पण सही मी झोकात करतो, शेवटच्या अक्षराला शेपटी ओढून. माझ्या वयाच्या बऱ्याच लोकांचा अजून अंगठा चालतो, म्हणून गावात पोलीस आले की पंच म्हणून मलाच बोलावणे यायचे. विहिरीत कोणी पडले, चोरी झाली, वीज पडून बैल मेला, की खाली माझी सही. याचा मला अभिमान होता. खोटे कशाला बोलू, अजून थोडा आहे.

त्याच्या चार वर्षांआधी आमच्या गावात बौद्ध वस्ती जाळली. जयंतीची मिरवणूक देवळापुढून न्यायची की नाही, यावरून दोन दिवस तोंडातोंडी झाली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नऊ घरे पेटली. माणसे शेतांकडे पळाली. एका म्हातारीला पळता आले नाही. ती गवंड्याची माय.

गवंडी माझ्याच वर्गातला. एका तरटपट्टीच्या दोन टोकांना आम्ही चौथीपर्यंत बसलो. शाळा सुटली की त्याची माय मला दारात गूळ-शेंगदाणे द्यायची. मी खायचो, आणि घरी कोणाला वास येऊ नये म्हणून नाल्यावर तोंड धुऊन जायचो. तिला ते दारातून दिसायचे. तरी दुसऱ्या दिवशी द्यायचीच.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. समोरून माजी सरपंचाचा पुतण्या गेला, मागे सहा जण. पुतण्याच्या हातात रॉकेलचा पिपा. आमच्याकडे लग्नाला एकमेकांची भांडी नेतात, ती मिसळू नयेत म्हणून जो तो आपल्या भांड्यावर रंगाने नाव घालतो. त्या पिप्यावर पांढऱ्या रंगात त्यांच्या घराचे नाव होते. माझ्या पोरीच्या लग्नात गॅसबत्त्यांचे रॉकेल त्याच पिप्यातून आले होते, म्हणून मी लांबूनच ओळखला. पारावर आठ-दहा माणसे बसली होती, त्यांच्याही समोरूनच ते गेले. मी उठलो, आत गेलो, कडी लावली.

सकाळी जमादार आला. "चला काका, वस्तीत. पंचनामा करायचा आहे."

"गुडघा धरला आहे," मी म्हणालो. गुडघ्याला काही झाले नव्हते. म्हातारीला अजून उचलले नव्हते आणि मला तिच्याकडे पाहायचे नव्हते. शिवाय मला वस्तीत जाताना साऱ्या पाराने पाहिले असते.

जमादार एकटाच गेला. तासाभराने ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येऊन त्याने कागद पुढे केला. म्हातारीच्या उंबऱ्याजवळ पिपा सापडला, पंचांसमक्ष जप्त केला, असे त्यात होते. मी चहा पिऊन सही केली. दुसरा पंच म्हणून एका म्हाताऱ्या गुराख्याचा अंगठा घेतला. तो पुढच्याच साली वारला. पिप्यावरच्या नावावरून पोलिसांनी पुतण्याला आणि त्याच्या सहा साथीदारांना धरले.

महिनाभराने गावाने देवळात बैठक बोलावली. वस्तीला टिनपत्रे द्यायचे, दोन्हीकडच्यांनी गळाभेट घ्यायची, केस मागे घ्यायची, असे ठरत आले होते. गवंडी शेवटपर्यंत ऐकत बसला, मग उठला. "पत्रे घेतो. गळ्यातही पडतो. माही माय कोनं जाळली ते इथं उठून कोणी एकानं सांगा, मंग कोर्ट नाही का काही नाही." कोणी उठले नाही. मीही नाही.

साक्षीचे समन्स आले. तारखेच्या आधी माजी सरपंच घरी आला. मला वाटले, पैशाचे बोलेल आणि मी त्याला हाकलीन. तो म्हणाला, "भाऊ, आम्ही तुमाले खोटं बोलाले नाही लावत. खरं असन तेवढंच सांगा."

त्याच दिवशी दुपारून गवंडी आला. ओट्याखाली उभा राहिला. मी बस म्हणालो नाही, हेही लिहितो.

"तू वस्तीत आलताच नाही. मले माहीत हाये बे," तो म्हणाला. "पण पिपा तिथंच होता. मी माह्या डोयानं पाह्यला. तू फक्त हाव म्हण. सही तं तुहीच हाये ना?"

"मी आजपावतर खोटं बोललो नाही."

"सही केली तवा काय बोलला होता मंग?"

मला राग आला. चौथी शिकलेल्याने चौथी शिकलेल्याला असे बोलावे? मी म्हणालो, "जे हाये ते सांगीन." तो गेला.

कोर्टात आरोपींच्या वकिलाने गोड आवाजात विचारले, "काका, पिपा जप्त केला तेव्हा तुम्ही तिथे होतात?"

"नाही."

"मग सही कुठे केली?"

"ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. चहा पिऊन."

मागे लोक हसले. सरकारी वकील उठला आणि म्हणाला, साक्षीदार फितूर झाला. मी पिंजऱ्यातून ओरडलो, "फितूर कोणाले म्हणता? खरं सांगून राह्यलो मी!" जज साहेबांनी गप्प केले. मग सरकारी वकिलाने, तुम्ही आरोपींना सामील आहात, असे दोन-तीनदा म्हटले आणि मी दरवेळी नाही म्हणालो. त्या संध्याकाळी तुमच्या दारावरून कोण गेले, हे त्याने विचारले नाही. विचारले असते तर मी सांगितले असते, असे मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो.

दोन महिन्यांनी निकाल लागला. सातही सुटले. पुतण्या पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या ओट्यावर आला, माझ्या पाया पडला. "काका, गावात एकच सच्चा माणूस," म्हणाला. पेढा मी तोंडात टाकला. गिळला, आणि मोरीवर जाऊन तोंड धुतले. चूळ भरता भरता नाला आठवला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी वस्तीत गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा.

केस चालू आहे, जागा हलवू नका, असे पोलिसांनी बजावले होते म्हणून गवंड्याने मायची खोली तशीच ठेवली होती. बाजूला नवे घर बांधून राहिला होता. आता तो सब्बल घेऊन काळ्या विटा काढत होता. उंबरा तेवढा राहिला होता, अर्धा जळालेला.

"थांब," मी म्हणालो.

"आता काऊन थांबू? लागला ना निकाल." त्याने हात थांबवला नाही. "पंचनामा कराले आला का बे?"

"हाव."

मग तो थांबला. मी बंडीच्या खिशातून नातीच्या वहीचे पान काढले आणि खाली बसलो. पूर्वेला नाला. पश्चिमेला चाफ्याचे झाड, एका अंगाने जळालेले. दाराचे तोंड उत्तरेला. पिपा कुठे होता ते विचारले, त्याने सब्बलीने जागा दाखवली. ते लिहिले. मग त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावरून काय दिसले, पिपा कोणाच्या हातात होता, मागे कोण कोण होते, ती सातही नावे लिहिली. मला लिहायला वेळ लागतो. तो उभाच होता. झाल्यावर मी सारे वाचून दाखवले.

"हे तुले तवाच माहीत होतं?"

"हाव."

त्याने मला शिवी दिली नाही. खाली बसला आणि उंबऱ्यावर हात ठेवला. म्हणाला, "कोर्टात सांगतलं असतं तं..."

मी सही केली. कागद त्याच्यापुढे धरला, त्याने घेतला नाही. "एका पंचाचा कागद कोण मानते?" म्हणाला.

खरे होते. खाली दुसऱ्या पंचाची जागा कोरी होती. मी पारावर आलो. त्या संध्याकाळी जी माणसे तिथे होती त्यातली पाच तरी बसली होती. मी कागद मोठ्याने वाचला आणि म्हणालो, "दुसरा पंच पाहिजे. तुमच्याही समोरून गेले."

"कोर्टानं सोडलं, आता तू धरतं का?" एक जण हसला. बाकीचे हसले नाहीत. एकेक जण चपला शोधून उठला.

पार मोकळा झाला. मी कागदाची घडी केली, गल्लीतल्या पहिल्या घरापुढे गेलो आणि कडी वाजवली.