अमेरिकेच्या विजेवर नारायणमामांची ढोलकी

मंडळी, आज चौक गावच्या गॅरेजमध्ये एक प्रयोग केला.

माझी आत्या यंदा गणपतीत अमेरिकेत भजनं गाणार आहे. ढोलकीवाल्या नारायणमामांना जाता येणार नाही, म्हणून त्यांची ढोलकी टेपवर भरून घेतली. तिकडे वीज एकशेदहा व्होल्टची, त्यासाठी मी ट्रान्सफॉर्मर बांधून दिला. पण तिकडच्या विजेची आवर्तनं सेकंदाला साठ, आपली पन्नास. ट्रान्सफॉर्मर ती बदलत नाही आणि आमच्या टेपची मोटार नेमकी त्यांच्यावरच धावते.

म्हणून गॅरेजचा जनरेटर साठ आवर्तनांवर नेला, व्होल्टेज सांभाळलं आणि टेप लावली. आत्या दुसऱ्याच ओळीला थांबली.

"नारायणा, पळतोस कुठं रं?"

"मी हितंच बसलोय गं. ती वीज पळतेय."

मग लेथवर मोटारीची नवी कप्पी करून घेतली, जुनीपेक्षा एक षष्ठांश बारीक. पुन्हा टेप लावली. आत्याने पूर्ण भजन म्हटलं.

आत्या परत आल्यावर इथे हीच टेप रेंगाळेल, तेव्हा जुनी कप्पी लागेल. ती मामांनी मागून घेतली. "तू येईस्तवर माज्याकडं ऱ्हाऊ दे."

तुमच्या घरातलं काय काय विजेच्या आवर्तनांवर चालतं, कधी तपासलंय?