मांडीपुरतं चिलखत

आमचा दादा अजून तेच म्हणतोय, मांडीला चामडं बांधलं की उकिडवं बसता येत नाही! गावी तो पाइप मांडीवर धरून ग्राइंडर मारतो. मागच्या महिन्यात चाक फुटलं, मांडीला चौदा टाके पडले.

मी इथे सिंगापूरला शिपयार्डात कामाला. आज सुट्टी, म्हणून इथलं म्युझियम बघायला गेलो. तिथे जुन्या युरोपातल्या घोडेस्वाराचं चिलखत होतं. मांडीला पुढून लोखंडी पत्रा, मागून नुसते पट्टे. खोगिरावर बसता यावं म्हणून.

लगेच दादाला फोटो पाठवला.

"मी काय सरदार आहे का रे?"

"नाहीस. पण मला भाऊ एकच आहे."



मित्रांनो, गावात कोण आहे? असंच मागून मोकळं, जाड चामड्याचं शिवून त्याच्या मांडीला बांधाल का? चामड्याचे आणि शिलाईचे आजच पाठवतोय, साडेतीन हजार रुपये.