हेल्प! बोट लॉस्ट!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई. त्या दिवशी मी इतकी घाबरले होते, इतकी घाबरले होते, की विचारू नका. आणि कुणामुळे? ते शेवटी कळेलच.

माझं माहेर तळेऱ्याचं. म्हणजे पाणी बघितलं ते विहिरीत नाहीतर पावसाळ्यात वहाळाला. लग्न होऊन आले मालवणात, तेही ट्रॉलरवाल्यांच्या घरात! आमचे हे पहाटे बोट घेऊन गेले की संध्याकाळी पाय वाळूला लागेपर्यंत माझा जीव टांगलेला. तेव्हा मोबाईल नवीनच आले होते, पण बंदर सोडलं की रेंज गायब, त्यांचा नुसता खडा.

त्यात सासऱ्यांनी, मामंजींनी, गोव्याहून एक जुनं जीपीएस यंत्र आणलं. छोटा स्क्रीन, त्यावर निळा समुद्र आणि मधोमध एक चिमुकली बोट. आपण कुठे आहोत ते त्या बोटीवरून कळायचं. मला केवढा धीर आला! म्हटलं, आता आमचे हे काही हरवत नाहीत.

महिन्याभरात एक लाट त्या यंत्रावर आली आणि खारं पाणी आत गेलं. सासूबाईंनी ते पुसून सुकत घातलेल्या कोळंबीशेजारी उन्हात वाळवलं. यंत्र सुरू झालं, समुद्र दिसला, पण बोट गायब! मामंजींनी मागचं झाकण उघडलं. आतल्या बोर्डाला सहा वायरी, त्यातल्या दोन कुजलेल्या.

"गो बाये, तू कॉम्पुटर शिकलंस मां?" मामंजी म्हणाले. "मगे बग ह्येका काय झालां ता."

आता झाली का पंचाईत! मी शिकलेले टायपिंग आणि पत्त्यांचा डाव. पण नाही कसं म्हणणार? सुनेची इज्जत! मी ह्यांना ऐटीत सांगितलं, "आज यंत्र नेऊ नका. मी नेटवर विचारते." हे हसले आणि यंत्राशिवाय समुद्रात गेले.

मी यंत्राच्या स्क्रीनवरचे आकडे एका चिठोऱ्यावर उतरवून गाठलं सायबर कॅफे. तिथल्या मुलीने मला एक फोरम शोधून दिला. जगभरचे बोटवाले तिथे एकमेकांना अडचणी विचारायचे. प्रश्नाला मथळा द्यायचा होता. माझा प्रश्न कुणाच्या डोळ्यांत भरायला नको? मी मोठ्या अक्षरांत ठोकून दिलं, 'हेल्प! बोट लॉस्ट!' खाली लिहिलं, 'मालवण, इंडिया. नो बोट. ओन्ली सी.'

अहो, दोन मिनिटांत उत्तरं! काय भली माणसं!

एकाने विचारलं, 'हाऊ मेनी ऑन बोर्ड?' मी मनात म्हटलं, वा, जाणकार दिसतो, थेट बोर्डावर आला. लिहिलं, 'सिक्स. टू डेड.'

दुसऱ्याने विचारलं, 'इज शी टेकिंग वॉटर?' ही 'शी' कोण ते कळेना. इंग्रजीत यंत्र बाई असेल, म्हटलं. 'येस. सॉल्ट वॉटर इनसाइड. मदर-इन-लॉ ड्राइड इन सन.'

तिसऱ्याने विचारलं, 'लास्ट पोझिशन?' स्क्रीनवर जे आकडे अडकून बसले होते ते मी चिठोऱ्यावरून जसेच्या तसे दिले.

मग पहिला म्हणाला, 'धीर सोडू नका. मदत निघाली आहे!'

मी तरंगतच घरी आले. "मामंजी, परदेशातून माणूस निघाला!"

सासूबाईंना वेगळीच काळजी, त्याच्या जेवणाची. "गोरो माणूस? तेका बांगड्याचा तिकला चलात काय गो?"

दुपारी आम्ही भांडी आवरत होतो, तेवढ्यात शेजारची रुक्मिणीकाकी छाती पिटत आली. "बोट बुडली गो! सहा माणसां होती, दोन मेली! बंदरावर फोन इलो!"

सहा! आमच्या बोटीवर सहाच माणसं. माझ्या हातातलं ताट खाली पडलं.

किनाऱ्यावर कशी पोचले ते मला आठवत नाही. मच्छीमारांचा सगळा वाडा लोटला होता. बंदरावरचे साहेब जीपमधून उतरले. मामंजींनी विचारलं, "साहेब, नक्की कुठे?"

साहेबांनी जागा सांगितली. मामंजींचा चेहरा पांढराफटक पडला. "थंयच जाळां टाकूक गेलो आमचो झील," ते मुलाच्या वाटेकडे बघत हळूच म्हणाले.

सासूबाई मटकन वाळूत बसल्या. आणि मी? मला एकच दिसत होतं. यंत्र घरी कुणी ठेवायला लावलं? मी! ऐट कुणी मिरवली? मी! मीच नवऱ्याला समुद्रात ढकललं. बा रामेश्वरा, म्हटलं, ह्यांना परत आण, मी जन्मात कॉम्प्युटरला हात लावणार नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. समोरचा समुद्र तेव्हा त्या स्क्रीनसारखाच दिसत होता. निळा, आणि बोट नाही.

"ती बगा!" कुणीतरी ओरडलं.

आमचीच बोट! हळूहळू, आरामात येत होती. वर माणसं उभी होती. मामंजी हाताचं बोट नाचवत मोजत होते, "चार... पाच... सहा! सगळी आसत!"

आमच्या ह्यांनी कंबरभर पाण्यात उडी टाकली. समोर सगळा वाडा रडतोय. घाबरून विचारतात, "काय झालां? कोण मेलां?"

मी हुंदके देत म्हणाले, "तुम्ही!"

मग साहेबांनी सगळ्या बोटींची चौकशी केली. एकही कमी नव्हती. साहेब चक्रावले. "पण मुंबईहून फोन होता. परदेशातल्या लोकांनी त्यांना कळवलं. मालवणच्या कुणा बाईने म्हणे कॉम्प्युटरवरून मदत मागितली."

अहो, माझं रक्त खवळलं! भीती गेली की राग येतोच ना? मी पुढे होऊन म्हणाले, "कोण ती मेली? साहेब, अशा बाईला सोडू नका! लोकांचे जीव म्हणजे काय खेळ वाटला तिला?"

"शोधतोच," साहेब म्हणाले. "तशी विचित्रच बाई. बोटीत पाणी शिरलं, तर सासूने म्हणे उन्हात वाळवली."

सगळे हसले. मामंजीही हसले. "बोट कोण कदी उनात सुकत घालता?"

सासूबाई डोळे पुसत भोळेपणाने म्हणाल्या, "बोट नाय हो, ता यंत्र मिया सुकत घातलंय. सुंगटांच्या बाजूक."

हसणं थांबलं. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी पाहिलं. साहेबांनी पाहिलं. मी वाळूकडे पाहिलं. वाळू दुभंगून सीतामाईसारखं मला पोटात घेईल असं काही लक्षण दिसेना.

"साहेब," मी कशीबशी म्हणाले, "ते दोन डेड... वायरी होत्या."

बेड्याच पडणार, अशी माझी खात्री. पण साहेबांनी फक्त डोक्याला हात लावला. "ताई, उद्या सकाळी त्या लोकांना कळवा की सगळे सुखरूप आहेत. आणि स्पष्ट लिहा हो!"

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी मी सायबर कॅफेसमोर हजर. फोरमवर उत्तरांचा ढीग. कुणी मेणबत्ती लावलेली, कुणी प्रार्थना केलेली. मला अगदी भरून आलं. मी लिहिलं, 'सॉरी. माय हजबंड सेफ. ऑल सिक्स केम होम. थँक यू.'

मग वाटलं, एवढी माणसं जमलीच आहेत आणि आपला प्रश्न तर तसाच राहिला. म्हणून खाली एक ओळ वाढवली, 'बट बोट इज स्टिल लॉस्ट. प्लीज हेल्प.'

दुपारी जीप पुन्हा आमच्या दारात. मी माजघरात, दाराआड. मामंजींनी साहेबांना काही विचारलंदेखील नाही. नुसती आत हाक मारली, "बाये, भायर ये. तुझी बोट परत बुडली."